मुंबईत नव्याने आलेल्यांसाठी: चारचौघांत मोबाईल कसा वापरावा

नोकरी, शिक्षण किंवा लग्नाच्या निमित्ताने मुंबईत आलेल्या माणसाला लोकलचे मार्ग, भाड्याच्या खोलीचा करारनामा आणि गॅसची जोडणी यांविषयी सांगणारे पुष्कळ भेटतात. हातातला फोन इथल्या गर्दीत कसा वापरावा, हे मात्र कोणी सांगत नाही, कारण ते सर्वांना येतेच असे गृहीत धरलेले असते. गावाकडे अंगणात उभे राहून मोठ्याने बोलले, तरी ऐकणारे ओळखीचे असतात आणि चार हात लांब असतात. इथे सकाळच्या गर्दीतल्या लोकलमध्ये तुमचा फोन आणि शेजाऱ्याचा कान यांच्यात वीतभरही जागा नसते. अंतर राखणे शक्य नाही, म्हणून आवाज, पडद्याचा प्रकाश आणि कोपर आवरते घ्यायचे, एवढ्याच एका गोष्टीवर या शहराची रीत उभी आहे. पुढच्या सूचना घरातून निघाल्यापासून ज्या क्रमाने लागतात त्याच क्रमाने दिल्या आहेत.

पहिली पायरी: निघण्यापूर्वी घरीच करायची तयारी

फोन व्हायब्रेटवर टाकायचे गर्दीत आठवत नाही आणि आठवले तरी खिशापर्यंत हात पोहोचत नाही, म्हणून हे काम दाराला कुलूप लावतानाच उरकावे. घरी वृद्ध आईवडील किंवा लहान मूल असेल, तर फोन मूक ठेवण्याची धास्ती वाटते, आणि ती रास्त आहे. त्यावर उपाय असा की, 'डू नॉट डिस्टर्ब' या सोयीत निवडक माणसांचेच फोन वाजू देण्याची, तसेच एकाच क्रमांकावरून थोड्या वेळात दुसऱ्यांदा आलेला फोन वाजू देण्याची व्यवस्था बहुतेक फोनमध्ये असते. ती एकदा लावून घ्यावी आणि तातडीचे काम असेल तर लागोपाठ दोनदा फोन करा, असे घरच्यांना सांगून ठेवावे.

इअरफोन ही मुंबईत चैनीची वस्तू नाही. पावसाळ्यातल्या छत्रीसारखी ती पिशवीत असलीच पाहिजे. ब्लूटूथचा इअरफोन वापरणाऱ्यांनी तो फोनशी जोडला गेल्याची खात्री आवाज शून्यावर ठेवून करावी, कारण कानात बोंडे घालून निवांत बसलेल्या गृहस्थांचे गाणे प्रत्यक्षात सगळ्या डब्याला ऐकू येत आहे, हा प्रकार लोकलमध्ये वरचेवर घडतो आणि ते सांगण्याचा अवघडलेपणा समोरच्याला सोसावा लागतो.

लोकलचे तिकीट किंवा पास मोबाईलवर असेल, तर बॅटरी संपणे म्हणजे तिकीट नसणे, हे ध्यानात ठेवावे. तिकीट तपासनीस ॲपमधले तिकीट पाहतात. त्याचा स्क्रीनशॉट ग्राह्य धरला जात नाही. फलाटाच्या तोंडाशी टीसींसमोर उभे राहून ॲप उघडण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा गाडीतून उतरण्याआधीच ते उघडून ठेवावे, म्हणजे मागची माणसे अडकत नाहीत.

दुसरी पायरी: फलाट, जिने आणि पूल

दादर, कुर्ला, अंधेरी किंवा ठाणे या स्थानकांच्या पुलांवर सायंकाळी माणसे चालत नाहीत, वाहत असतात, आणि त्या प्रवाहात संदेश वाचण्यासाठी एक जण थांबला की त्याच्या मागे क्षणात वीसेक जण खोळंबतात. जिन्यावर, सरकत्या जिन्याच्या वरच्या टोकाशी आणि पुलाच्या वळणावर फोनसाठी कधीही थांबू नये. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आजच्या प्रभादेवी स्थानकाच्या पुलावर झालेल्या चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. त्या दुर्घटनेचा फोनशी संबंध नव्हता. पाऊस आल्याने माणसे जिन्यावर थबकली होती. परंतु अरुंद जिन्यावरची थोडीशी अडवणूकही किती महागात पडू शकते, हे त्या दिवशी मुंबईने पाहिले आहे. फोन घ्यावाच लागला, तर पूल उतरून खांबाच्या किंवा स्टॉलच्या आडोशाला जावे, भिंतीकडे तोंड करावे आणि मग बोलावे.

फलाटावर दोन्ही कानांत इअरफोन घालून उभे राहू नये. फास्ट गाडी आयत्या वेळी दुसऱ्या फलाटावर येत असल्याची घोषणा होते, सगळा लोंढा वळतो आणि आपण मात्र एकटेच मोबाईलमध्ये मान घालून उभे असतो. रूळ ओलांडणे हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार मुळातच गुन्हा आहे. कानात गाणे चालू असताना ते करणे म्हणजे येणाऱ्या गाडीचा भोंगा स्वतःच बंद करून टाकणे होय.

तिसरी पायरी: लोकलचा डबा

डब्यात शिरण्याआधी फोन खिशात किंवा पिशवीत गेला पाहिजे, आणि पिशवी पाठीवरून पोटाशी आली पाहिजे. चढताना दोन्ही हात मोकळे हवेत, कारण एका हाताने दांडा आणि दुसऱ्याने फोन धरून चढणारा माणूस स्वतः तर घसरतोच, शिवाय मागच्यालाही पाडतो. दारात उभे राहून फोन काढणे नव्या माणसाने पूर्णपणे टाळावे. रुळांलगत दबा धरून, दारातल्या प्रवाशाच्या हातावर काठीचा फटका मारून फोन पाडायचा आणि तो उचलून पळायचे, ही चोरीची पद्धत मुंबईत इतकी जुनी आहे की अशा टोळ्यांना 'फटका गँग' असेच नाव पडले आहे. त्या फटक्याने तोल जाऊन प्रवासी गाडीखाली आल्याच्या आणि कायमचे अपंग झाल्याच्या घटना घडलेल्या आहेत. चोर फोन घेऊन पळालाच, तर त्याच्या मागे चालत्या गाडीतून उडी मारू नये. पुढच्या स्थानकावर उतरून रेल्वे पोलिसांकडे जावे किंवा १३९ या क्रमांकावर कळवावे.

आत जागा मिळाल्यावर, मग ती तिघांच्या बाकावर कडेला अंग चोरून बसायच्या चौथ्या सीटची का असेना, फोन छातीजवळ धरावा. हात पुढे ताणून किंवा कोपरे फाकवून फोन पाहणारा माणूस दोघांची जागा घेतो. उभ्याने पाहायचा असल्यास बसलेल्याच्या डोक्यावर फोन टेकवू नये; हे लिहावे लागू नये, पण लिहावे लागते.

आता बोलण्याविषयी, आणि हाच भाग सर्वांत महत्त्वाचा. शेजारी दोन माणसे आपसांत गप्पा मारत असतील तर त्यांचा फारसा त्रास होत नाही, पण एकच माणूस फोनवर बोलत असेल तर लक्ष सारखे तिकडे ओढले जाते, असा अनुभव सर्वांना आहे. कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचे कारण तपासले होते: संभाषणाची एकच बाजू कानी पडते तेव्हा पुढे काय बोलले जाईल याचा अंदाज मनाला बांधता येत नाही, आणि त्यामुळे हातातल्या कामावरचे लक्ष विचलित होते. म्हणजे शेजारचे काका वैतागतात ते स्वभावाने चिडके आहेत म्हणून नव्हे. त्यातच गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो. डब्याचा खडखडाट वाढला की बोलणाऱ्याचा सूरही वर जातो आणि त्याला स्वतःला त्याचा पत्ता नसतो. प्रत्यक्षात आजच्या बहुतेक फोनमध्ये भोवतालचा आवाज गाळणारी सोय असते, म्हणून तोंडाशी हाताची ओंजळ करून हळू बोलले तरी पलीकडे नीट पोहोचते. नेटवर्क तुटत असेल तर ओरडल्याने ते जुळत नाही. अशा वेळी "लोकलमध्ये आहे, उतरल्यावर फोन करतो" एवढे एक वाक्य पुरे. मुंबईत त्याचा कोणालाही राग येत नाही.

एक जुनी गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. ३१ जुलै १९९५ रोजी देशातला पहिला मोबाईल संवाद झाला, त्या काळात बोलण्याचा दर मिनिटाला १६ रुपयांपर्यंत होता आणि आलेल्या फोनलाही पैसे पडत. तेव्हा लोक दोन वाक्यांत काम संपवत. आता विरारहून चर्चगेटपर्यंत बोलत राहिले तरी वेगळा खर्च येत नाही, म्हणून बोलणे कुठे थांबवायचे हे बोलणाऱ्यालाच ठरवावे लागते.

काय बोलू नये याचीही काळजी घ्यावी. घरातल्या आजारपणाचा तपशील, सुनेविषयीची तक्रार, कार्यालयातल्या वरिष्ठांची नावे, पगाराचा आकडा या गोष्टी डब्यातल्या अनोळखी माणसांनी ऐकण्याजोग्या नसतात. ओटीपी, कार्डाचा क्रमांक किंवा बँकेतला जन्मदिनांक तर मोठ्याने कधीच उच्चारू नये. ओटीपी फोनवर विचारणारा माणूस बहुधा फसवणाराच असतो, आणि फसवणूक झालीच तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

स्पीकरवर बोलणे, स्पीकरवर व्हिडिओ पाहणे आणि व्हॉट्सॲपचे व्हॉइस मेसेज सर्वांना ऐकवणे या तिन्ही गोष्टी वर्ज्य आहेत. इअरफोन विसरला असेल तर व्हॉइस मेसेज सुरू करून फोन नेहमीच्या फोनसारखा कानाला लावावा. आवाज आपोआप फक्त कानापुरता होतो, हे अनेकांना ठाऊकच नसते. व्हिडिओ कॉल तर डब्यात नकोच, कारण त्यात शेजारी बसलेल्यांचे चेहरेही त्यांना न विचारता पलीकडच्या घरात पोहोचतात. पहाटेच्या आणि रात्री उशिराच्या गाड्यांत अधिक जपावे, कारण रात्रपाळी करून परतणारी किंवा बदलापूर, कसाऱ्याहून चार वाजता उठून निघालेली माणसे त्या तासाभरात आपली झोप पुरी करून घेत असतात.

यावर नवा माणूस विचारील की, मग त्याच डब्यात टाळ-मृदंग घेऊन भजन करणारी मंडळी कशी चालतात? प्रश्न योग्य आहे, आणि सर्वांना ती चालतात असेही नाही. पण वर्षानुवर्षे त्याच गाडीने, त्याच डब्यातून जाणाऱ्या माणसांचा तो समूह असतो, आणि ज्याला ऐकायचे नाही तो पुढच्या स्थानकावर डबा बदलतो. एकट्याने आपली करमणूक शंभर जणांवर लादण्याला तो दाखला होऊ शकत नाही, असे माझे मत आहे.

दुसऱ्याच्या पडद्यावर नजर जाणे गर्दीत अपरिहार्य आहे. ती रेंगाळू देऊ नये, म्हणजे झाले. वाचलेल्या मजकुरावर हसणे किंवा मत देणे असभ्य होय. याला एकच सर्वमान्य अपवाद आहे. क्रिकेटचा सामना चालू असताना अनोळखी माणसालाही "स्कोअर काय झाला?" असे विचारता येते आणि तो आनंदाने सांगतो.

चौथी पायरी: बस, मेट्रो, रिक्षा आणि टॅक्सी

बेस्टच्या बसबाबत संकोच बाळगण्याचे कारण नाही, कारण तिथे नियमच आहे. एप्रिल २०२३ मध्ये बेस्ट उपक्रमाने बसमध्ये इअरफोनशिवाय मोबाईलवर व्हिडिओ पाहण्यास, गाणी ऐकण्यास आणि फोनवर मोठ्याने बोलण्यास मनाई केली, आणि न ऐकणाऱ्यावर पोलीस कायद्यानुसार कारवाईची तरतूद असल्याचेही जाहीर केले. मोबाईलवरून तिकीट काढायचे असेल, तर कंडक्टर समोर येण्यापूर्वी ॲप उघडलेले असावे. पुढच्या थांब्याआत त्यांना सगळी बस फिरायची असते.

मेट्रोच्या डब्यात लोकलसारखा खडखडाट नसतो, त्यामुळे तिथे नेहमीच्या आवाजातले बोलणेही दूरवर ऐकू जाते. फाटकाशी पोहोचून मग क्यूआर तिकीट शोधू नये. आरे ते कफ परेड ही तिसरी मार्गिका भुयारी आहे आणि तिथे नेटवर्कचा भरवसा धरता येत नाही, म्हणून तिकीट, पत्ता आणि भेटणाऱ्याचा क्रमांक वर असतानाच काढून ठेवलेला बरा.

शेअर रिक्षात मागे तीन माणसे बसतात, तेव्हा लोकलचाच नियम लागू. रिक्षाचालक किंवा टॅक्सीचालक हातात फोन धरून बोलत वाहन चालवत असेल, तर "दादा, गाडी बाजूला घेऊन बोला, मला घाई नाही" असे म्हणावे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या सुधारणेनंतर वाहन चालवताना हातात धरून फोन वापरणे हे धोकादायक चालवण्यातच मोडते. आपणही चालकाला पत्ता सांगण्यासाठी चालत्या गाडीत त्याच्या डोळ्यांसमोर आपला फोन नाचवू नये.

पाचवी पायरी: हॉटेल, दुकान आणि रांग

फोर्टात किंवा अंधेरीत दुपारी एक वाजता उडुपी हॉटेलात शिरलात, तर तुमच्या खुर्चीमागे पुढचा गिऱ्हाईक उभा असतो. जेवण संपल्यावर चहाच्या रिकाम्या पेल्यासमोर रील पाहत बसणे, ही त्या वेळी चक्क जागेची अडवणूक होय. वडापावच्या गाडीवर क्यूआर स्कॅन करून झाले की बाजूला सरावे, आणि पैसे गेल्याचे यंत्राने उच्चारले नसेल तर मागितल्याची वाट न पाहता पडदा दाखवावा. बँकेच्या किंवा शिधावाटप दुकानाच्या खिडकीशी आपला क्रमांक आला की चालू फोन ठेवून द्यावा. समोरच्या कर्मचाऱ्याला बोटाने थांबण्याची खूण करणे हा त्याचा अपमान आहे.

सहावी पायरी: नाट्यगृह

मराठी माणूस मुंबईत स्थिरावला की शिवाजी मंदिर, यशवंत नाट्यमंदिर, दीनानाथ किंवा प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहाकडे त्याची पावले आज ना उद्या वळतातच, आणि फोनमुळे सर्वांत मोठे नुकसान होते ते इथे. चित्रपट पडद्यावर चालूच राहतो. नाटकात मात्र रंगमंचावरच्या जिवंत माणसाच्या कानावर ती रिंगटोन जाते आणि महिनाभराच्या तालमीतून बांधलेला प्रसंग मोडतो. २०१९ मध्ये अभिनेते सुबोध भावे यांनी प्रयोगात वाजणाऱ्या मोबाईलविषयीची नाराजी समाजमाध्यमावर जाहीरपणे मांडली होती, आणि त्यावर बरीच चर्चाही झाली होती.

तिसरी घंटा होण्यापूर्वी फोन पूर्ण बंद करावा. व्हायब्रेटवर ठेवलेला फोन खुर्चीच्या लाकडावर किंवा पर्समधल्या किल्ल्यांवर थरथरला, तरी तीन रांगांना ऐकू जातो. सायलेंटवर ठेवलेल्या बहुतेक फोनचा गजर ठरल्या वेळी वाजतोच, आणि रात्री साडेनऊला औषधाची आठवण करून देणारा गजर लावलेले ज्येष्ठ प्रेक्षक काही कमी नसतात. आजी-आजोबांना घेऊन जाणाऱ्यांनी त्यांचा फोन स्वतः तपासावा. मनगटी घड्याळाचा पडदाही झाकावा. उशिरा पोहोचल्यास जागा शोधण्यासाठी फोनचा टॉर्च लावू नये. दाराशी असलेल्या कर्मचाऱ्याच्या मागे जावे. डॉक्टरांसारख्या ज्यांना फोन चालू ठेवणे भागच आहे, त्यांनी रांगेच्या कडेची, दाराजवळची खुर्ची मागून घ्यावी आणि बाहेर पडूनच "हॅलो" म्हणावे. नाटकाचे चित्रीकरण तर करूच नये. चित्रपटगृहात पडद्याचे चित्रीकरण केल्यास, २०२३ च्या सुधारित कायद्यानुसार किमान तीन महिने कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड होऊ शकतो.

सातवी पायरी: रुग्णालय, न्यायालय आणि देवस्थान

रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. केईएम, शीव किंवा नायर रुग्णालयाच्या वॉर्डात भेटीला गेल्यावर रुग्णाच्या खाटेपाशी फोन घेऊ नये, बाहेरच्या व्हरांड्यात जावे, आणि इतर रुग्ण दिसतील असे एकही छायाचित्र काढू नये. न्यायालयाच्या दालनात फोन बंद ठेवावा. मंदिरात फलक वाचावा, कारण गाभाऱ्यात छायाचित्रणाची अनेक ठिकाणी मनाई असते. स्मशानात आणि शोकसभेत फोन हातातही नसावा.

आठवी पायरी: कॅमेरा

अनोळखी माणसाचे छायाचित्र त्याला विचारल्याशिवाय काढू नये, आणि महिलांच्या बाबतीत या सूचनेला अपवाद नाही. लेडीज डब्यात झोपलेल्या, भाजी निवडणाऱ्या किंवा भांडणाऱ्या बायकांचे व्हिडिओ गंमत म्हणून पसरवणाऱ्या बायकाही असतात. त्यांनीही तो मोह आवरावा. कोणी आपले चित्रण करत असल्याचा संशय आला, तर पोलिसांचा ११२ किंवा रेल्वेचा १३९ हा क्रमांक फिरवावा.

जानेवारी २०१६ मध्ये वांद्र्याच्या बँडस्टँडवर सेल्फी काढताना एक तरुणी समुद्रात बुडाली, आणि तिला वाचवायला गेलेल्या माणसाचाही जीव गेला. त्यानंतर मुंबई पोलिसांनी शहरातली धोक्याची ठिकाणे सेल्फीसाठी वर्ज्य ठरवली. भरतीच्या वेळी खडकांवर आणि पावसाळ्यात मरिन ड्राइव्हच्या कठड्यावर चढू नये. गणेशोत्सवात लालबागच्या रांगेत मूर्तीसमोर व्हिडिओसाठी थांबलात, तर मागे तासन्‌तास तिष्ठणाऱ्यांचे दर्शन लांबते. विसर्जनानंतर पाण्यातल्या मूर्तींची छायाचित्रे काढून पसरवण्यास तर पोलिसांनी मनाई केलेली आहे.

नववी पायरी: दुसऱ्याला सांगणे, आणि सापडलेला फोन

शेजाऱ्याचा आवाज असह्य झाला, तर आधी त्याच्याकडे एकदा शांतपणे पाहावे. पुष्कळदा तेवढ्याने काम होते. मग "दादा, जरा आवाज कमी करता का?" किंवा "ताई, इअरफोन असेल तर लावाल का?" असे हळूच विचारावे. सबंध डब्याला ऐकू जाईल असे म्हटले, तर समोरचा माणूस चूक कबूल करण्याऐवजी भांडायला उठतो, आणि मग दोघांचाही आवाज सगळ्यांना ऐकावा लागतो. दुसऱ्यांदा सांगूनही ऐकले नाही, तर बसमध्ये कंडक्टरला सांगावे. रेल्वेत उपद्रव करणाऱ्यावर रेल्वे कायद्याच्या कलम १४५ खाली कारवाई होऊ शकते, पण ते काम रेल्वे सुरक्षा दलाचे आहे, आपले नव्हे. आपल्यालाच कोणी सांगितले, तर "सॉरी हं" म्हणून आवाज बंद करावा; खुलासा देत बसू नये.

फलाटावर एखादा माणूस "एक फोन करू देता का?" असे विचारतो. खरोखर अडलेली माणसे असतात, म्हणून थेट नाही म्हणू नये. क्रमांक विचारून स्वतः लावावा, स्पीकर चालू करून फोन आपल्याच हातात ठेवावा. इथे तेवढ्यापुरता स्पीकर क्षम्य आहे. डब्यात कोणाचा फोन सापडला, तर तो बंद करू नये, कारण मालक बहुधा लगेचच त्यावर फोन लावतो. तो उचलून आपण कोणत्या स्थानकावर उतरणार ते सांगावे आणि फोन तिथल्या स्टेशन मास्तरांकडे किंवा रेल्वे सुरक्षा दलाच्या चौकीत देऊन, घेणाऱ्याचे नाव मालकाला कळवावे. बसमध्ये सापडल्यास कंडक्टरकडे द्यावा आणि बसचा मार्ग क्रमांक व वेळ लिहून ठेवावी.